दादा मृदंग शिकले तेव्हा

चिखलीतल्या जुन्या लोकांना माझे दादा आठवतात ते मृदंगामुळे, आणि आठवले की ते हसतात. त्यांना दोष नाही. तहसील कचेरीतला पन्नाशी उलटलेला नकलनवीस, नाकावर चष्मा, अंगात कचेरीचा कोट तसाच, पुढ्यात मृदंग घेऊन ‘धागेनाती नाकेधिना’ म्हणतो आहे आणि चुकतो आहे, हे पाहून कोणीही हसेल. मीसुद्धा पुष्कळदा तोंडाला पदर लावला आहे. पण ते का शिकत होते हे मला ठाऊक आहे. त्या काळात दादांचं घर मी चालवत होते. तेव्हा ते मीच लिहिलेलं बरं.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. कचेरीत त्यांचं काम एकच. कोणाला निकालाची किंवा फेरफाराची नक्कल हवी असली, की मूळ कागद समोर ठेवून ती उतरून द्यायची. त्यांच्या नकलेत खाडाखोड नसे. एक ओळ लिहिली की थांबायचं, मूळ कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचं, मगच पुढची ओळ. घरातही तीच तऱ्हा. दाराची कडी लावली की ती ओढून बघायची. भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं, तर एक घास घ्यायचा, थांबायचं, दुसरा घ्यायचा आणि मग म्हणायचं, ‘हं.’

हे ‘हं’ म्हणजे दादांचं जवळजवळ सगळं बोलणं. घरात बोलायचं काम वहिनींचं. वहिनींचं माहेर धामणगाव बढे. त्यांना माणूस नसलं तरी चाले; भांडी घासताना त्या भांड्यांशी बोलत, आणि चूल धूर करू लागली की तिला तिच्या माहेरावरून बोल लावत. दादा जेवायला बसले की त्या समोर पंखा घेऊन बसत आणि दिवसभराचं सगळं सांगत.

‘आवो, ऐकून राह्यले का?’

‘हं.’

‘काय म्हनलं मी?’

‘हं.’

‘पाहा! या मानसाले देवानं एकच अक्षर देलं, अन् थे बी अर्धं,’ असं म्हणून वहिनी स्वतःच हसत आणि पुढचं सांगू लागत.

एका सकाळी ज्वारी निवडता निवडता त्यांचं बोलणं मधेच तुटलं. सूप हातातून सुटलं. उजवं अंग गेलं. लकवा मारला, असा निरोप मला पिंपळगाव राजाला पोचला. माझी सून हाताशी आलेली होती. तिच्याकडे किल्ल्या दिल्या, यजमानांना सांगितलं की महिनाभराने येते, आणि चिखलीला आले.

मला घर लावायला वेळ लागत नाही. वहिनींची खाट दारासमोर आणली, म्हणजे त्यांना गल्ली दिसेल. तेल कधी चोळायचं, कूस कधी बदलायची, मऊ भात कधी, दादांचा डबा कधी, हे सगळं आठवड्याच्या आत बसलं. बुलढाण्याहून मोठे डॉक्टर येऊन गेले. अंगात थोडी हालचाल येईल, म्हणाले. वाचेचं विचारलं तर त्यांनी बॅग बंद केली.

जे हातांनी होण्यासारखं होतं ते झालं. वाचेपुढे माझं काही चालेना. वहिनींना काही हवं असलं की त्या डावा हात हलवत. मी पाणी आणी. नाही. गोधडी. नाही. खिडकी उघडी, खिडकी बंद. नाही, नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करत आणि डोळ्यांतून पाणी वाही. तोंडातून येई ते एवढंच, ‘हं.’ लग्न झाल्यापासून दादांनी जे अक्षर वापरलं ते आता वहिनींच्या वाट्याला आलं होतं, आणि बोलायचं काम दादांवर पडलं होतं. ते त्यांना येईना. कचेरीतून आले की खाटेजवळ बसत. पुष्कळ वेळाने म्हणत, ‘आज ऊन लय होतं.’ वहिनी म्हणत, ‘हं.’ झालं, संपलं. दोघं एकमेकांकडे बघत बसत.

श्रावणात आमच्या गल्लीतली भजनी मंडळी दारोदार फिरत. प्रत्येक ओट्यापुढे थांबून एक पद म्हणायचं, ओवाळून घ्यायचं आणि पुढे जायचं. मृदंग किसन गुरवाचा. त्याला सगळे बुवा म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. गळ्यात मृदंग, तोंडात पान, आणि स्वतःच्या वाजवण्याचं कौतुक दुसऱ्या कोणी करायच्या आधी स्वतःच करायचं. मंडळींनी आमच्या दारात नेहमीचं पद धरलं:

*ये गा देवा उंबऱ्याशी, तांब्या भरून ठेवला,*
*पाय धुता धुता तुझे, दिस सारा सरला.*

मी ओवाळायला ताट घेऊन उभी, तोच माझ्या पाठीमागून तेच शब्द आले. स्वच्छ. वहिनी खाटेवर पडल्या पडल्या गात होत्या. तांब्या, उंबरा, देव, सगळी अक्षरं जागच्या जागी. बुवाने हे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच बाकीच्यांना गप्प केलं आणि नुसता मृदंग चालू ठेवला. वहिनी एकट्याच गात राहिल्या. मग घाम पुसायला बुवाचा हात थांबला, आणि वहिनी शब्दाच्या मधे थांबल्या. त्याने पुन्हा धरला, त्या पुन्हा गाऊ लागल्या. दादा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेक करून पाहिलं. नुसतं पद म्हणून पाहिलं. टाळ वाजवून, टाळ्या वाजवून, ताटावर पळी वाजवून पाहिलं. वहिनी ऐकत, ‘हं’ म्हणत. मृदंगाशिवाय शब्द निघेना. बुवाला बोलावलं, त्याने थाप मारली, की लगेच पद सुरू.

बुवाने आठवडी बाजारात सांगून टाकलं, ‘माह्या हातानं मुके बोलते!’ पण रोज यायला तो तयार होईना. ‘मले कसं जमंल बाई? देवाची पूजा हाये, वावर हाये, सप्त्याले गावोगाव जा लागते. घरातल्याच कोनी शिका ना. साहेब, तुमीच शिका.’

दादा म्हणाले, ‘हं.’

आम्हाला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं ‘हं’. दसऱ्याला बुवाच्या घरचा एक जुना मृदंग दादांनी स्वतः डोक्यावरून घरी आणला. नकलनवीस डोक्यावर मृदंग घेऊन भर बाजारातून चालला आहे, हे चिखलीने त्या दिवशी पाहिलं.

शिकवणी सुरू झाली. मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावावी लागते, म्हणजे तिचा आवाज खाली उतरतो. ती कणीक माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी पोळीसारखी मऊसूत मळून तेलाचा हात लावून दिली, तेव्हा बुवा म्हणाला, ‘बाई, मृदंगाले जेवू नाही घालाचं.’

दादांना बोल एका संध्याकाळीच पाठ झाले. पाठ करण्यात ते कधीच कमी नव्हते. अडचण पुढे आली. ते एक आवर्तन वाजवत, अगदी बिनचूक, आणि थांबत.

‘थांबले काऊन, साहेब?’

‘बरोबर आलं का थे पाहून राह्यलो.’

‘थांबून पाहाल तं गेलं ना थे! चालता बैल कधी मागं वळून पाह्यते का, पाय कुठी पडला म्हनून?’

दादा मान डोलवत, पुन्हा धरत आणि पुन्हा आवर्तनाच्या शेवटी थांबत. ओळ संपली की ताडून पाहायची, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. ती जाईना. न थांबता वाजवा म्हटलं की हात एकमेकांच्या पुढे धावत. उजवा शहाणा, डावा उतावळा. रस्त्याने जाताना दादा बोल म्हणत आणि पावलं त्यांच्याशी जुळेनाशी झाली की भर रस्त्यात उभे राहत. टांगेवाला ओरडे, तेव्हा बाजूला होत.

शेजारच्या गोदाकाकू भिंतीवरून डोकावून विचारत, ‘यमू, तुहे दादा थे वाजवून राह्यले का फोडून राह्यले? मले एकदा सांग, म्हंजे मी तशी तयारी करतो.’

कचेरीत त्यांची बोटं टेबलावर चालू लागली. तहसीलदार साहेबांनी दोनदा खोकून पाहिलं. एके दिवशी दादा घरी आले ते फार गप्प. त्यांच्यासारख्या माणसाचं गप्प असणंही मला ओळखता येतं. वहाणा काढत म्हणाले, ‘यमू, आज मी एक ओळ दोनदा लिह्यली.’ नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या नकलेत खाडाखोड झाली होती. मी म्हटलं, ‘दादा, मग मृदंग ठेवून द्या ना काही दिवस.’ ते म्हणाले, ‘कणीक भिजवली का?’

त्यांच्या वाजवण्यावर वहिनी गाऊ लागल्या, पण ते पाहवत नसे. ठेका धरला की त्या सुरू करत. ‘ये गा देवा उंबऱ्याशी, तांब्या भरू…’ इथे दादांचा हात अडखळे. वहिनींचं तोंड त्या शब्दावर उघडंच राही. पुढचं अक्षर त्यांच्या जिभेवर असून येत नसे. त्या दादांकडे बघत. दादा आपल्या हातांकडे बघत. दोघांनाही काही करता येत नसे आणि मला तर त्याहून नाही. मी चुलीकडे जाऊन उगाच लाकडं हलवी.

मग एकदा दादांनी वेगळंच केलं. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून दादांचा आवाज आला. दादा गात होते! जन्मात आरतीला तोंड न उघडलेला माणूस त्याच चालीवर गात होता:

*सांगा आता दुखते कोठे, पाणी देऊ का तुम्हाला…*

त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. चालीवर शब्द येतात, तर प्रश्न चालीवर विचारला की उत्तरही चालीवरच येईल. आणि उत्तर आलं. वहिनी स्वच्छ म्हणाल्या, ‘तांब्या भरून ठेवला.’

‘यमू! तांब्या म्हनते! पानी पाह्यजे तिले!’ दादा धावत आत आले. चष्मा कपाळावर, दोन्ही हातांना कणीक. त्यांनीच माठातून तांब्या भरला, अर्धा वाटेत सांडला. वहिनींनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. त्या पदाची पुढची ओळ म्हणत होत्या, एवढंच. दादा तांब्या घेऊन उभे राहिले. मग ते पाणी त्यांनी स्वतः पिऊन टाकलं.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. दादांचा ठेका आता पुष्कळसा सलग चाले. त्या संध्याकाळी वहिनी दुसऱ्या ओळीवर होत्या आणि दादांचा डावा हात घाईने पुढे पडला.

‘चुकलं,’ वहिनी म्हणाल्या.

मी पळी हातात घेऊन बाहेर आले. हा शब्द पदात नव्हता. त्यांचाच होता, आणि सूरही त्यांचाच होता. दादा कडी ओढून बघू लागले की ‘लागली ना आता!’ असं त्या ज्या सुरात म्हणत, तोच. दादांचे दोन्ही हात हवेत होते.

‘काय म्हनलं?’ त्यांनी विचारलं.

‘हं,’ वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून दादांच्या घरात संध्याकाळ होऊ लागली. खरी चूक झाली की वहिनी म्हणत, ‘चुकलं.’ आणि दादा, माझे दादा, बोलू लागले. ‘हो, चुकलं. डावा आधी गेला. काल बी तसाच गेला होता. बुवा म्हनते का मनगट सैल ठेवा, मले वाटते माहं कोपरच आखडते…’ असं पुष्कळ. वहिनी ऐकत आणि म्हणत, ‘हं.’ एकदा त्या ‘चुकलं ना’ म्हणाल्या. एक अक्षर वाढलं म्हणून मी शिरा केला आणि गोदाकाकूंकडेही वाटी पाठवली. काकूंनी विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘दादांनी आज फार वाईट वाजवलं.’ 

दादांच्या डोक्यात मग जे यायचं ते आलं. ते मुद्दाम चुकू लागले. पण वहिनी फसत नसत. मुद्दाम चुकीची थाप पडली की त्या आढ्याकडे बघत आणि गप्प राहत, जसं लहान मूल खोटं रडलं की आई बघत नाही. दादा ओशाळत, आणि पुन्हा नीट वाजवू लागत. नीट वाजवताना चूक झाली तरच शब्द.

आणि चुका कमी होऊ लागल्या. रोज वाजवल्यावर दुसरं काय होणार? होळीच्या सुमाराला बुवा धामणगावचा सप्ताह आटोपून आला. ओट्यावर बसून त्याने दादांचा ठेका ऐकला आणि मांडीवर थाप मारून ओरडला, ‘हात बसला, साहेब! बसला! रामनवमीले देवळात तुमीच वाजवा. लोकाईले सांगतो, हा माहा चेला!’

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी आत खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘बुवा, चुकाचं कसं, थे शिकवा ना.’

बुवा मोठ्याने हसला. मग त्यानेही आत पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं.  पानाची चंची कमरेला खोचत म्हणाला, ‘थे मले नाही येत, साहेब,’ आणि गेला.

मी हात बांधून बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी बुवाच्या घरी गेले आणि म्हटलं, दादांना एखादा नवा अवघड ताल शिकवा. नवं आहे म्हटल्यावर चुकतीलच. त्याने शिकवला. दादा चुकलेही भरपूर. पण तो ताल वहिनींच्या ओळखीचा नव्हता. तो चुकला की बरोबर आला, हे त्यांना कळणार कसं? त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग पुन्हा जुनाच ठेका. आता पद सुरुवातीपासून शेवटपर्यंत येई. प्रत्येक अक्षर स्पष्ट, आणि त्यातलं एकही त्यांचं स्वतःचं नाही. दादा बिनचूक वाजवत. पद संपलं की मृदंग पुसून ठेवत, आणि घरात ‘हं’सुद्धा उरत नसे.

चैत्रात वहिनींना पुन्हा एक झटका आला. हलका, असं डॉक्टर म्हणाले. पण त्यानंतर गाणं ओळीओळीने कमी झालं. आधी पहिली ओळ गेली. मग शेवटचा ‘सरला’ एवढा शब्द राहिला. मग तोही गेला. त्या डोळे मिटून ऐकत. ऐकतात हे त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवरून कळे. दादांनी वाजवणं सोडलं नाही. त्यांना पुन्हा एकदा ‘चुकलं’ ऐकायचं होतं, बाकी काही नाही. पण शहाण्या झालेल्या हातांना आता चुकता येईना.

त्याच वेळी माझ्या सुनेचे दिवस भरत आले आणि यजमानांनी मला न्यायला बैलांची दमणी पाठवली. महिन्याचं सांगून आले होते, त्याला वर्ष होत आलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. स्वयंपाकाला बाई लावली. तेल, औषधं, धान्य कुठे काय आहे ते तिला दाखवलं. कूस बदलायला गोदाकाकूंच्या सुनेने यायचं कबूल केलं. कणीक कशी भिजवायची तेही त्या बाईला करून दाखवलं.

त्यानंतर पावसाळ्यात वहिनी गेल्या, आणि वर्ष भरायच्या आत दादा. दोन्ही वेळा मी पोचले ती उशिराच. म्हणून माझ्यापाशी दादा आहेत ते त्या निघायच्या सकाळचे.

वहिनींच्या पाया पडले. त्यांनी डाव्या हाताने माझं बोट धरून ठेवलं, ते मलाच सोडवून घ्यावं लागलं. दादा कचेरीचा कोट घालून तयार होते, पण निघत नव्हते. मला म्हणाले, ‘पोचली का पत्र टाक.’ मी दमणीत बसले. गाडीवान बैलांची जुंपणी आवळत होता. तेवढ्यात आतून मृदंग सुरू झाला.

असा वाईट ठेका मी दादांच्या पहिल्या दिवशीही ऐकला नव्हता. थाप कुठे पडत होती, बोल कुठे जात होता, कशाला काही धरबंद नव्हता. मी वाकून दारातून आत पाहिलं. दादांनी मृदंग उलटा फिरवून घेतला होता. उजव्या हाताची पुडी डावीकडे, डाव्याची उजवीकडे. एवढ्या कष्टाने शिकलेले हात आता आंधळ्यासारखे चाचपडत होते. त्यात मुद्दाम काही नव्हतं. दादा ओठ चावून, कपाळावर घाम येऊन, नीट वाजवायची पराकाष्ठा करत होते आणि चुकत होते. प्रत्येक चुकीला मान वर करून खाटेकडे कान देत होते, आणि पुन्हा खाली वाकत होते. खाटेचा पायथाच तेवढा मला दिसत होता.

गाडीवान हसला. ‘बाई, घरात कोनी नवं शिकून राह्यलं का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘आजच बसले हायेत. चाल, हाक आता.’